छोट्या खाऱ्या टाकीत मँडरिन ड्रॅगनेट: आधी अन्नाची सोय, मग मासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या सदनिकेत ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांपासून चालू आहे. तीत क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प आणि काही गोगलगायी आहेत, खाली संप (फिल्टरची जोडटाकी) नाही, मागे टांगलेला फिल्टर आहे. दुकानात मँडरिन आला आहे आणि तो ‘फ्रोझन खातो’, म्हणजे गोठवलेले अन्न खातो, असे दुकानदार सांगतो. तेव्हा तो आणावा का, आणि आणल्यास त्याला काय व कसे खाऊ घालावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की आज आणू नये. पुढच्या तीन-चार महिन्यांत ही टाकी एका मँडरिनसाठी तयार करता येईल, मात्र त्या तयारीतले सर्वांत मोठे काम टाकीच्या बाहेर, एखाद्या खिडकीशी ठेवलेल्या बाटल्यांत आणि बादल्यांत करावे लागेल.

हा मासा मूळचा पश्चिम प्रशांत महासागरातला. जपानच्या र्यूक्यू बेटांपासून फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. १९२७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हेर यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. दुकानात हिरवा किंवा निळा मँडरिन म्हणून जो विकतात तो हाच, आणि ‘स्पॉटेड’ म्हणून मिळतो तो त्याचा भाऊबंद सिंकिरोपस पिक्चुरेटस. दोन्ही जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचे असतात. लाटांचा मारा नसलेल्या खाजणांत, प्रवाळाच्या तुटक्या फांद्यांच्या ढिगांत ते पोटाखालच्या परांवर रांगल्यासारखे सरकत राहतात आणि दगडावरचे हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव), बारीक कृमी, लहान ॲम्फिपॉड, माशांची अंडी असे एकेक भक्ष्य दिवसभर वेचून खातात. अंगणात दाणे टिपत फिरणाऱ्या कोंबडीचा जो क्रम, तोच यांचा. भक्ष्य इवलेसे आणि खाणे सतत, अशी ही रीत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ चिमूटभर अन्न टाकले की झाले, हा आपल्या इतर माशांचा हिशेब येथे लागू पडत नाही. क्लाउनफिश वरून पडणाऱ्या अन्नावर झडप घालतात. मँडरिन मात्र समोर आलेल्या कणाकडे आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहतो, थांबतो आणि एवढा वेळ तो कण जागेवर राहिला तरच टिपतो.

येथे त्याच्या रंगाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरेदीच्या वेळी तीच गोष्ट फसवते. बहुतेक माशांचा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो, पण मँडरिनच्या त्वचेत खरे निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत, असे १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. कशानेही असो, उपाशी मँडरिनही दुकानाच्या निळ्या दिव्याखाली तेवढाच देखणा दिसतो. रंगावरून त्याची प्रकृती ओळखू पाहणारा हमखास फसतो. प्रकृती ओळखायची ती पाठीवरून आणि पोटावरून. ते कसे, हे पुढे सांगतो.

आता आपल्या टाकीचा हिशेब पाहू. बाहेरच्या मापाने ती सुमारे १२० लिटरची आहे. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी नव्वद लिटरच्या आसपास उरते. जुने मत्स्यपालक मँडरिनसाठी २०० ते ३०० लिटरची, वर्षभर मुरलेली आणि दगडांनी भरलेली टाकी हवी असे सांगत. ते खरेच आहे, परंतु त्यामागचे कारण पोहायची जागा हे नसून दगडांच्या भेगांत वाढणारे कोपेपॉड हे आहे. मासा खातो त्यापेक्षा जास्त वेगाने ते वाढले पाहिजेत, आणि नव्वद लिटरच्या टाकीत ते तसे वाढत नाहीत. पहिले काही आठवडे मासा मजेत चरतो, मालक निर्धास्त होतो, दगड हळूहळू रिकामे होतात, आणि दोन-अडीच महिन्यांनी मासा ‘अचानक’ मेल्याचे कळते. यात अचानक काहीच नसते. म्हणून लहान टाकीत मँडरिन ठेवायचा तर दोन गोष्टी एकाच वेळी जमल्या पाहिजेत: मासा घरी येण्याआधीच फ्रोझन किंवा तत्सम मेलेले अन्न खाणारा असला पाहिजे, आणि तरीही कोपेपॉडचा पुरवठा बाहेरून चालू राहिला पाहिजे. यांतली एकच गोष्ट जमत असेल तर हा मासा आपल्यासाठी नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कोपेपॉड वाढवायला अवघड नाहीत. अवघड आहे ते सातत्य. आपल्या कामाच्या जाती दोन. टिस्बी ही बारीक, तळाला आणि दगडाला धरून राहणारी जात असून ती टाकीत टिकते. टायग्रिओपस थोडी मोठी, नारिंगी, उघड्यावर पोहणारी असते. ती माशाला लगेच दिसते, त्यामुळे चटकन खाल्ली जाते, पण टाकीत वसत नाही. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावीत. पाच लिटरची पारदर्शक बरणी, १.०२३ ते १.०२५ घनतेचे खारे पाणी, हवेच्या पंपाची एक नळी (एअरस्टोन न लावता, सेकंदाला एक-दोन बुडबुडे) आणि खाद्य म्हणून हिरवे फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल), एवढ्यावर काम भागते. फायटोप्लँक्टनसाठी नॅनोक्लोरॉप्सिस सर्वांत चिवट. दोन लिटरच्या बाटलीत खारे पाणी, एफ-बाय-टू नावाचे खत, दिवसाचे सोळा तास साधा एलईडी दिवा आणि जोरात हवा अशी व्यवस्था केली की आठवड्या-दीड आठवड्यात बाटली गर्द हिरवी होते. निम्मी वापरावी, निम्मीत नवे पाणी घालावे. कोपेपॉडच्या बरणीत हे हिरवे पाणी इतकेच घालावे की बरणीला फिकट पोपटी झाक येईल. ती झाक जाऊन पाणी स्वच्छ दिसू लागले की पुढचा हप्ता घालावा. बरणी पांढुरकी आणि दुर्गंधीयुक्त झाली तर खाद्य जास्त झाले असे समजावे. फायटोप्लँक्टनच्या बाटलीत कोपेपॉड शिरले तर ते दोन दिवसांत बाटली फस्त करतात, म्हणून दोन्हींच्या नळ्या, गाळण्या आणि मापे कटाक्षाने वेगळी असावीत. आणि प्रत्येक गोष्टीची निदान दोन भांडी हवीत, कारण एखादे कधी ना कधी बसतेच, म्हणजे त्यातले सगळे जीव मरतात.

कोपेपॉडच्या मूळ विरजणासाठी परदेशी बाटली महाग पडते आणि प्रवासात तापते. पुण्यात रीफ टाकी असलेले बरेच हौशी लोक आहेत. त्यांच्याकडून चेटोमॉर्फा शैवालाचा मूठभर गुंता मागून आणावा. तो पांढऱ्या बादलीत खाऱ्या पाण्यात झटकला की पॉड (म्हणजे कोपेपॉड) तळाशी दिसतात. तोच गुंता नंतर रिफ्युजियममध्ये, म्हणजे माशांपासून दूर पॉड वाढवायच्या वेगळ्या कप्प्यात, टाकता येतो.

आपल्याकडे संप नसल्याने टाकीच्या मागे टांगायची एक पेटी रिफ्युजियम म्हणून वापरावी. तीत चेटोमॉर्फा आणि दगडांचे तुकडे ठेवावेत, दिवा मुख्य टाकीच्या उलट वेळी, म्हणजे रात्री लावावा, आणि पाणी संथ सोडावे. मात्र याहून उपयोगी पडते ती एक साधी युक्ती आहे. प्लॅस्टिकच्या जाळीच्या दोन लहान डब्या घेऊन त्यांत सिरॅमिक रिंग आणि दगडांचा चुरा भरावा. एक डबी कोपेपॉडच्या बरणीत, दुसरी टाकीत दगडांच्या मागे ठेवावी आणि आठवड्याने अदलाबदल करावी. बरणीतून आलेली डबी पॉडनी भरलेली असते. जाळीची छिद्रे अशी निवडावीत की पॉड बाहेर पडतील, पण माशाचे तोंड आत जाणार नाही. फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला नळाखाली खळखळून धुण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण त्यातही पॉड असतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. पाणी निर्जंतुक करणारा युव्ही दिवा असल्यास बंद ठेवावा.

दगडाबद्दल एक सूचना. ‘लाइव्ह रॉक’ (सूक्ष्म जीव वसलेला दगड) म्हणून रामेश्वरमकडचा किंवा कुठल्याही भारतीय किनाऱ्यावरचा दगड कोणी देऊ केला तर घेऊ नये. आपल्या किनाऱ्यांवरचे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेही त्यातच येतात. कोरडा दगड आणून तो मुरवणे हाच योग्य मार्ग आहे. वेळ लागतो, पण आपल्याला तसेही थांबायचेच आहे.

पुण्याच्या हवापाण्याने या सगळ्यात आणखी काही अटी घातल्या आहेत. मँडरिनला आणि पॉडना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये बंद सदनिकेत पाणी सहज ३१-३२ अंशांवर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मार्च ते मे आपल्याकडची हवा कोरडी असल्याने पाण्यावर वारा घालणारे लहान पंखे दोन-तीन अंश उतरवतात. जूनमध्ये हवा दमट झाली की तेच पंखे निरुपयोगी ठरतात, पण तोवर बाहेरचा उकाडाही उतरलेला असतो. पंख्याने पाणी झपाट्याने उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या, म्हणजे आरओ-डीआयच्या (गाळून सर्व क्षार काढलेल्या) पाण्याची. दिवसभर घरी कोणी नसेल आणि सदनिका पश्चिमेची असेल तर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींसाठी हीटर लागतो. चिलर घेणारे अनेकजण हीटर विसरतात.

पिण्याच्या आरओचे पाणी पुरेसे शुद्ध नसते. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने सौम्य असले तरी त्यात क्लोरीन असते, आणि टँकरचे किंवा बोअरचे पाणी तर आपल्या काळ्या पाषाणातून आलेले, जड असते. आरओनंतर डीआयचा टप्पा लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्य येईल असे पाणी वापरावे आणि त्यात चांगल्या प्रतीचे समुद्री मीठ मिसळावे. मुंबई-अलिबागकडून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणण्याचा विचार कोणी सुचवला तर तो सोडून द्यावा. पावसाळ्यात ते पातळ होते आणि एरवीही त्यात काय काय असेल याचा नेम नसतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे आपल्याला ठाऊकच आहे, त्यामुळे बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीला आणि शक्य असल्यास बरण्यांनाही लावून ठेवावा.

या शहरातला सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. डास मारण्यासाठी सोसायटीत होणाऱ्या धूरफवारणीत आणि घरातल्या लिक्विड मशीनमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके असतात. ती माणसाला सौम्य असली तरी माशांना आणि त्याहूनही कोपेपॉड, कोळंबी अशा कवचधारी जीवांना अतिशय मारक आहेत. हवेचा पंप खोलीतली हवा शोषून थेट पाण्यात सोडतो, हे लक्षात घ्यावे. टाकीच्या आणि बरण्यांच्या खोलीत असे मशीन कधीही लावू नये. धुराची गाडी आली की खिडक्या लावून हवेचा पंप बंद करावा आणि धूर ओसरेपर्यंत फक्त पाण्यातला पावरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू ठेवावा. घरात पेस्ट कंट्रोल करून घ्यायचे असेल तर त्या खोलीत जेलचे ठिपके चालतील, फवारा नको. पावसाळ्यानंतर ‘काहीच न करता सगळे पॉड मेले’ अशी तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांच्याकडे बहुतेक वेळा शोध येथेच संपला.

तयारी पुरी झाली का, हे पाहायचे कसे? टाकीचे दिवे बंद झाल्यावर तास-दीड तासाने अंधारात बारीक टॉर्च घेऊन काच आणि दगड तिरक्या उजेडात पाहावेत. काचेवर पांढरे ठिपके झटक्याझटक्याने सरकताना दिसले पाहिजेत, आणि केवळ एका कोपऱ्यात नव्हे तर जिथे टॉर्च धरू तिथे दिसले पाहिजेत. सलग काही आठवडे असे दिसत राहिले, बरण्याही न बसता चालल्या, की मग दुकानाकडे वळावे.

दुकानात ‘खातो’ या शब्दावर विसंबू नये. आपल्या समोर खाऊ घालायला सांगावे, आणि तेही आपण निवडलेले अन्न. मासा कण तोंडात घेतो आणि थुंकतो, असे पुष्कळदा होते; थुंकलेला कण खाल्लेला नव्हे. तो गिळतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो, असे पाहायला मिळाले पाहिजे. मग त्याला वरून पाहावे. चांगल्या माशाची पाठ डोक्यामागे भरलेली आणि कुशी गोलसर दिसते; उपाशी माशाच्या डोक्यामागे खळगा पडतो, पाठीचा कणा कडेसारखा वर येतो आणि पोट आत गेलेले असते. खळगा दिसत असेल तर मासा कितीही स्वस्त असला आणि त्याची कितीही दया आली तरी घेऊ नये. तशा माशाला सावरायला पॉडनी गजबजलेली मोठी टाकी लागते. पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांबलचक असेल तर तो नर. दोन नर एका टाकीत ठेवू नयेत, ते एकमेकांना मरेपर्यंत छळतात. आपल्या टाकीत तर एकच मासा. बंदिस्त पैदाशीचे मँडरिन २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या ओआरए या कंपनीने बाजारात आणले आणि पुढे इतरांनीही ते काढले. असे पिल्लू लहानपणापासून तयार अन्नावर वाढलेले असते. आपल्याकडे ते क्वचित येते, पण आलेच तर दुप्पट पैसे द्यावे लागले तरी तेच घ्यावे.

घरी आणल्यावर त्याला लगेच टाकीत मोकळे सोडू नये. टाकीतच आत टांगायची छिद्रांची पारदर्शक पेटी मिळते, तीत पहिले दोन-तीन आठवडे ठेवावे. पाणी टाकीचेच राहते, क्लाउनफिश अन्न पळवत नाहीत आणि मासा काय खातो हे नजरेसमोर राहते. पेटीत पॉडची डबी ठेवावी, म्हणजे शिकवणी चालू असताना तो उपाशी राहत नाही. सुरुवात आर्टिमियाच्या, म्हणजे ब्राइन श्रिम्पच्या, नुकत्या निघालेल्या पिलांनी करावी. २६-२८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, उजेडात आणि जोराच्या हवेत अंडी साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लू पहिले काही तास अंगातल्या बलकावर जगते आणि तेवढ्यात दिले तरच त्या बलकाचे पोषण माशाला मिळते. त्यानंतर ते रिकामे होते आणि त्याला फायटोप्लँक्टन किंवा तयार एन्रिचमेंट (पोषक द्रव) खाऊ घालून मगच द्यावे लागते. टरफले माशाच्या पोटात जाऊ देऊ नयेत: हवा बंद करून भांड्याच्या तळाशी उजेड धरला की पिले तिकडे जमतात, टरफले वर तरंगतात, आणि नळीने खालची पिले काढून घेता येतात.

ही पिले तो निःशंकपणे खाऊ लागला की त्यांत फ्रोझन बेबी ब्राइन किंवा फ्रोझन सायक्लॉप्स (गोड्या पाण्यातले कोपेपॉड) थोडेसे मिसळावे. पावरहेड दहा-पंधरा मिनिटे बंद करावा, म्हणजे अन्न तळाशी पडून राहील. जिवंत पिलांच्या हालचालीने मासा टिपायच्या लयीत येतो आणि त्या ओघात शेजारचा मेलेला कणही उचलतो; हाच या शिकवणीचा गाभा आहे. पुढे जिवंतांचे प्रमाण कमी करत न्यावे, मग बारीक चिरलेले मायसिस (कोळंबीसारखे लहान जीव), आणि अगदी शेवटी बुडणाऱ्या मऊ गोळ्या. काही मासे गोळीपर्यंत कधीच येत नाहीत; मायसिसवर थांबले तरी समाधान मानावे. केवळ ब्राइन श्रिम्पवर मात्र थांबू नये, त्यात आवश्यक स्निग्धाम्ले कमी पडतात.

पेटीतून सोडल्यानंतर त्याच्या जेवणाची जागा ठरवून द्यावी. लहान तोंडाची काचेची बाटली वाळूवर आडवी ठेवून तीत लांब नळीच्या सिरिंजने अन्न सोडावे. क्लाउनफिशना त्याआधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोटभर घालावे. आपला क्लीनर श्रिम्प सर्वांत मोठा चोर ठरेल, त्याला आधी मायसिसचा एक मोठा तुकडा हातात दिला की तो तेवढा वेळ गुंततो. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. सिक्सलाइन किंवा तत्सम रास (wrasse) मासा या टाकीत कधीही आणू नये, कारण तो दिवसभर हेच पॉड खातो आणि मँडरिनपेक्षा दसपट चपळ असतो. स्कूटर ड्रॅगनेट हा मँडरिनचा नातलगही सोबत नको. त्याऐवजी म्हणून आणायचा असेल तर गोष्ट वेगळी; तो फ्रोझन लवकर स्वीकारतो, आणि आपला निर्णय डळमळत असेल तर मी त्याचीच शिफारस करेन.

रोगांबाबत थोडक्यात. अंगावरच्या जाड, कडवट बुळबुळीमुळे मँडरिनला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इतरांपेक्षा कमी होतो, पण होतच नाही असे नाही. तांब्याची औषधे त्याला सोसत नाहीत आणि टाकीतले पॉड तर त्याने मरतातच, म्हणून मुख्य टाकीत तांबे कधीही घालू नये. खरी काळजी इतर माशांची घ्यावी: इतर कोणताही नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवून, तपासून मगच आत सोडावा. टाकीवर जाळीचे झाकण असावे, कारण मँडरिन रात्री उडी मारू शकतो.

दर रविवारी त्याचा वरून एक फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्याला बारीक होणे कळत नाही. चार फोटो शेजारी ठेवले की डोक्यामागची खळी लगेच दिसते. ती दिसली तर नवे औषध किंवा जीवनसत्त्वाचे थेंब शोधत बसू नये. त्याच दिवशी मासा पुन्हा पेटीत घ्यावा, डबी ताज्या पॉडची लावावी आणि आर्टिमियापासून पुन्हा सुरुवात करावी.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न, जो आपण विचारलेला नाही, पण दिवाळीत किंवा मे महिन्यात कोकणात जाताना तो पडेलच. स्वयंचलित फीडर या माशाच्या कामाचा नाही, आणि शेजाऱ्यांना फ्रोझनचे पाकीट दिले तर ते मायेने अर्धे पाकीट एकदम टाकतील. टायग्रिओपस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काही दिवस तग धरतात. निघण्याच्या आदल्या दिवशी बरणी गाळून पॉड लहान बाटल्यांत भरावेत, प्रत्येक बाटलीवर वार लिहावा, फ्रीजमध्ये ओळीने ठेवावेत आणि शेजाऱ्यांना एवढेच सांगावे की रोज दिवे बंद झाल्यावर त्या वाराची बाटली आत ओतायची. क्लाउनफिशना तोवर उपास घडला तरी चार दिवसांत काही होत नाही. चार दिवसांहून मोठा प्रवास असेल तर खाऱ्या टाकीची जाण असलेल्या माणसाचीच सोय करावी, आणि निघण्यापूर्वी एकदा त्याच्याकडून आपल्या समोर बाटलीत अन्न सोडून घ्यावे.